अ‍ॅक्रॉन : एका टेलिफोनचं गाव

शिकागोहून न्यू यॉर्ककडे मोटारीनं निघालात, तर वाटेत ओहायो राज्य लागतं. उत्तर बाजूला क्लीव्हलँड शहर आणि त्याच्या दक्षिणेला साधारण 60 किलोमीटरवर अ‍ॅक्रॉन. आपल्याकडचे प्रवासी सहसा तिथे थांबत नाहीत. नायगारा गाठायची घाई असते. तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं कुणी पॉलिमरचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत गेलं असेल, तर मात्र हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इथल्या विद्यापीठाचा पॉलिमर विभाग प्रसिद्ध आहे, आणि त्यामागचं कारण सोपं आहे. हे टायरचं गाव. गुडरिच 1870 मध्ये इथे आली, गुडइयर 1898 मध्ये सुरू झाली, फायरस्टोन 1900 मध्ये. एकेकाळी या गावाला जगाची रबर राजधानी म्हणत.

दरवर्षी जून महिन्यात मात्र इथे हजारो माणसं येतात आणि त्यांना टायरशी काही देणंघेणं नसतं. कुणी ट्रकचालक असतो, कुणी डॉक्टर, कुणी आजी, कुणी विशीतला मुलगा. ही सगळी दारू सोडलेली माणसं. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे आपण ज्याला ‘एए’ म्हणतो, ती संस्था 1935 मध्ये याच गावात सुरू झाली.

वाचकहो, तुम्हाला या गावात फिरवायचं कारण वेगळं आहे. दारू सोडणं कठीण असतं हे आपल्याला माहीत असतं. सोडल्यानंतर ती सुटलेली ठेवणं त्याहून कठीण, हे मात्र घरात कुणी सोडलेलं असेल तरच कळतं. सहा महिने सगळं छान चालतं, घरात हसणं परत येतं, आणि एका संध्याकाळी दार उघडताच तोच वास येतो. मग घर म्हणतं, “संपलं सगळं.” खरंच संपतं का? आणि ती संध्याकाळ आधी ओळखता आली असती का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं अ‍ॅक्रॉनच्या तीन-चार जागांमध्ये सापडतात. चला, एकेक बघू.

पहिली जागा : हॉटेलची लॉबी

गावाच्या मधोमध, मुख्य रस्त्यावर एक उंच जुनी इमारत आहे. पूर्वी तिथे मेफ्लॉवर हॉटेल होतं. पुढे हॉटेल बंद झालं आणि इमारतीत लोक राहू लागले. आपल्याला जायचंय ते 11 मे 1935 या दिवशी. वार शनिवार, वेळ संध्याकाळची.

लॉबीत 39 वर्षांचा एक उंच माणूस येरझारा घालतोय. नाव बिल विल्सन. न्यू यॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस. दारूपायी धंदा, पत, तब्येत सगळं गेलं होतं. डिसेंबर 1934 मध्ये त्यानं दारू सोडली, म्हणजे आता पाच महिने झाले होते. अ‍ॅक्रॉनला तो एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत आला होता. मोठा व्यवहार होता, जमला असता तर घर पुन्हा उभं राहिलं असतं. तो फिसकटला. बरोबरचे लोक परत गेले. खिशात जेमतेम पैसे आणि हॉटेलचं बिल भागवायची चिंता. बायको लोइस दूर न्यू यॉर्कला. परकं गाव, सुट्टीची संध्याकाळ, ओळखीचं कुणी नाही.

लॉबीच्या एका टोकाला बार होता. अमेरिकेतली दारूबंदी दीड वर्षापूर्वीच उठली होती, त्यामुळे आत गर्दी, गप्पा, हसणं. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शेजारी गावातल्या चर्चची यादी लावलेला फलक.

बिलच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते त्यानंच पुढे सांगून ठेवलंय. आपण दारू पिऊ या, असं काही आलं नाही. आलं ते एवढंच, की आत जाऊन जिंजर एल घेऊ, म्हणजे आल्याचं साधं सोडा-पेय, आणि कुणाशी तरी चार शब्द बोलू.

इथे जरा थांबा. या पेयातच सगळी मेख आहे.

पुन्हा व्यसनाकडे वळणं हे पहिल्या पेल्यापासून सुरू होतं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात पेला हा शेवटचा टप्पा असतो. आधी मन बिघडतं : चिडचिड, झोप नाही, एकटं एकटं राहणं, कशात लक्ष नाही. त्या वेळी दारूचा विचारही नसतो. मग विचार येतात, तेही सरळ येत नाहीत. जुने दिवस छान वाटायला लागतात, त्यातली उलटी आणि मारामारी आठवत नाही. “आता मला काही होत नाही” असं वाटू लागतं. आणि मग काही निरुपद्रवी दिसणारे निर्णय घेतले जातात. घरी जायला नेहमीचा रस्ता सोडून वाईन शॉपवरून जाणारा रस्ता. जुन्या मित्राला सहज फोन. बारमध्ये जेवण, “तिथली बिर्याणी चांगली असते” म्हणून. हात पेल्यापर्यंत पोचतो तो यानंतर.

सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी पुढे आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. 1985 मध्ये जुडिथ गॉर्डन यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर ग्रंथ काढला. वरवर बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या अशा निर्णयांकडे लक्ष द्यायला त्यांनी डॉक्टरांना आणि रुग्णांना शिकवलं. बिल विल्सनचं जिंजर एल हे त्याचं अगदी नमुनेदार उदाहरण.

एए मध्ये यासाठी चार शब्द लक्षात ठेवायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं एक जरी असेल तरी सावध व्हायचं. त्या संध्याकाळी बिलकडे यातलं बरंच काही जमलं होतं.

पण बिल घाबरला. ही भीती त्याच्या कामी आली. त्याला एक गोष्ट आठवली. न्यू यॉर्कमध्ये पाच महिने तो दारुड्यांना गाठून दारू सोडायला सांगत होता. एकानंही सोडली नव्हती. तो निराश झाला, तेव्हा लोइसनं त्याच्या लक्षात आणून दिलं होतं, की दुसरा कुणी सुटला नसेल, पण या खटपटीत तू स्वतः कोरडा राहिलास. म्हणजे आत्ता, या लॉबीत, त्याला गरज होती ती दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलण्याची.

तो टेलिफोनकडे वळला. फलकावरच्या यादीतून एक पाद्री निवडले आणि फोन लावला. त्यांनी दहा नावं दिली. बिलनं एकेक फोन लावायला सुरुवात केली. कुणी बाहेरगावी, कुणी कामात, कुणी टाळलं. विचार करा, नऊ वेळा नकार ऐकायचा आणि मागून बारमधलं हसणं ऐकू येतंय! त्यानं फोन सोडला नाही. शेवटी एका बाईंचं नाव मिळालं : हेन्रिएटा सायबरलिंग. त्या म्हणाल्या, या.

दुसरी जागा : बागेच्या फाटकावरचं घर

गावाच्या वायव्येला स्टॅन हायवेट नावाचा मोठा वाडा आहे. गुडइयर कंपनी स्थापन करणाऱ्या फ्रँक सायबरलिंग यांनी तो 1915 मध्ये पुरा केला. 65 खोल्या, मोठ्या बागा. आज तिकीट काढून तो बघता येतो. मात्र आपल्याला वाड्यात जायचं नाही, फाटकाजवळच्या छोट्या घरात जायचंय. सायबरलिंग यांची सून हेन्रिएटा तिथे मुलांसह राहत होती.

तिच्या ओळखीत एक डॉक्टर होते. रॉबर्ट स्मिथ, गावातले शल्यचिकित्सक, वय 55. सगळे त्यांना डॉक्टर बॉब म्हणत. हातात कौशल्य होतं, पण दारूनं तेच हात थरथरत होते. काम आटलं होतं, कर्ज वाढलं होतं. हेन्रिएटानं त्यांच्या पत्नीला, अ‍ॅनला, लगेच फोन केला. अ‍ॅन म्हणाली, आज जमणार नाही. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतला मातृदिन होता. डॉक्टर बॉब बायकोसाठी भेट म्हणून एक मोठी कुंडी घेऊन आले होते. कुंडी टेबलावर होती आणि डॉक्टर नशेत आडवे झालेले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता ते आले. चेहरा उतरलेला, हात कापतायत. येतानाच त्यांनी बायकोला बजावलं होतं, की पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. कुणी तरी पुन्हा उपदेश करणार, एवढंच त्यांना वाटत होतं.

ते उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

सहा तास काय बोलणं झालं? बिलनं उपदेश केलाच नाही. त्यानं स्वतःची गोष्ट सांगितली. कसा प्यायला लागलो, कशा शपथा घेतल्या, कशा मोडल्या, काल संध्याकाळी लॉबीत काय झालं. त्यानं डॉक्टरांना हेही सांगितलं, की मी तुमच्यासाठी आलो नाही, माझ्यासाठी आलोय. डॉक्टर बॉब स्वतः वैद्य, दारूचे दुष्परिणाम त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण अनुभवातून बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

आपल्या घरात काय होतं ते आठवा. आई रडते, वडील रागावतात, वहिनी मुलांची शपथ घालते, मामा येऊन तासभर समजावतो. सगळे प्रेमानं करतात. पण ऐकणारा मान खाली घालून पंधरा मिनिटं संपायची वाट बघत असतो. त्याच्या वाटेनं जाऊन परत आलेला माणूस समोर बसला, की तीच मान वर येते. घरच्यांनी स्वतःकडे कमीपणा घ्यायची यात काही गरज नाही. तुमचं काम वेगळं आहे आणि तेही तितकंच मोठं आहे. ते बघायला पुढच्या घरी जाऊ.

तिसरी जागा : अ‍ॅर्डमोर अव्हेन्यू, घर क्रमांक 855

झाडांच्या रस्त्यावरचं हे साधं दुमजली घर डॉक्टर बॉब आणि अ‍ॅन यांचं. आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे आणि आतून बघता येतं. त्या उन्हाळ्यात अ‍ॅननं बिलला इथेच राहायला बोलावलं. दोघे पुरुष रोज सकाळ-संध्याकाळ बोलत. दोन-तीन आठवडे डॉक्टर बॉबनी थेंबही घेतला नाही.

मग त्यांना अटलांटिक सिटीला डॉक्टरांच्या परिषदेला जायची इच्छा झाली. अ‍ॅनला भीती वाटत होती. बिलचं मत पडलं, की दारूच्या जगातच राहायचंय तर कधी तरी बाहेर पडावंच लागणार. डॉक्टर गेले. आगगाडीतच पिणं सुरू झालं. पुढचे काही दिवस त्यांचे त्यांनाही नीट आठवत नव्हते. परत आले ते आपल्या नर्सच्या घरी, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत.

म्हणजे पाहा, जगभर पसरलेल्या या चळवळीचा दुसरा माणूस सुरुवातीलाच घसरला होता. अ‍ॅक्रॉनला येणाऱ्या हजारो माणसांना ही गोष्ट माहीत असते आणि त्यांना तिचा मोठा आधार वाटतो.

घरात त्यानंतर काय झालं? अ‍ॅन आणि बिल त्यांना घरी घेऊन आले. तीन दिवसांनी त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती, म्हणून दोघांनी आळीपाळीनं जवळ बसून त्यांना सावरलं. त्या सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून बिलनं त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टर घरी आले नाहीत. तास गेले. घरात दोघांच्या जिवाची घालमेल. संध्याकाळी ते आले, शुद्धीत. दिवसभर ते गावात फिरून ज्यांचे पैसे थकवले होते, ज्यांना दुखावलं होतं, त्यांची दारं ठोठावत होते. एए तो दिवस 10 जून 1935 मानते आणि तोच आपला स्थापना दिवस धरते. पुढची 15 वर्षं, मरेपर्यंत, डॉक्टर बॉब प्यायले नाहीत.

त्या बिअरबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. ती 1935 ची गोष्ट आहे. आज असा घरगुती उपाय करू नका. रोज खूप पिणाऱ्यानं अचानक दारू बंद केली तर हातपाय कापतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. गर्द किंवा तशा इतर नशेबाबत धोका उलट बाजूनं येतो. काही आठवडे नशा बंद राहिली, की शरीराची सहनशक्ती उतरते. मग घसरण झाली आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते.

आता मूळ मुद्दा. मार्लट यांनी एक घोट आणि पूर्ण घसरण यांत फरक केला. एक घोट म्हणजे पाय निसटला. त्यानंतर माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर पुढचं अवलंबून असतं. “माझ्यात दमच नाही, गेलंच सगळं, आता पुरतंच पिऊ” असं तो म्हणाला, तर निसटलेल्या पायाची दरीतली उडी होते. घरचेही तेच म्हणत असतील, “बघितलंत ना, वाटलंच होतं!”, तर ती उडी लवकर पडते. अमेरिकेतल्या व्यसनांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या मते उपचारानंतर 40 ते 60 टक्के लोकांमध्ये घसरण होते. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांमध्येही उपचार सुटून आजार उलटण्याचं प्रमाण साधारण असंच असतं. रक्तदाब पुन्हा वाढला तर आपण माणसाला घराबाहेर काढत नाही, डॉक्टरकडे नेतो.

याचा अर्थ पिणं माफ, असा नाही. पैसे हातात देऊ नका, त्याच्यासाठी ऑफिसात खोटं बोलू नका, मार सहन करू नका. पण परतीचं दार उघडं आहे, हे त्याला माहीत असू द्या. त्याच दिवशी परत आलेला माणूस आणि सहा महिन्यांनी परत आलेला माणूस यांत फार अंतर असतं.

या घरात आणखी एक माणूस राहून गेला. त्या उन्हाळ्यात बिल आणि डॉक्टर बॉब यांनी सर्वांत आधी ज्याला सोडवायचा प्रयत्न केला, तो एक तरुण. त्यांनी जंग जंग पछाडलं, पण तो काही सुटला नाही. सगळ्यांनी त्याला अपयश म्हणून सोडून दिलं. नोव्हेंबर 1950 मध्ये डॉक्टर बॉब वारले. अंत्यविधीला एक माणूस बिलजवळ आला. तोच तो. वर्षभरापासून दारूमुक्त.

चौथी जागा : टेकडीवरचं थडगं

माउंट पीस नावाच्या कब्रस्तानात डॉक्टर बॉब आणि अ‍ॅन यांचं साधं थडगं आहे. दगडावर नाव आणि सालं. एए चा उल्लेखही नाही. जूनमधल्या त्या रविवारी सकाळी शेकडो मोटारसायकली इथे येतात. माणसं उतरतात, दगडावर छोटी नाणी ठेवतात. एए मध्ये दारूमुक्तीच्या मुदतीनुसार अशी नाणी देतात. कुणाचं एक वर्षाचं, कुणाचं तीस वर्षांचं, आणि कुणाचं फक्त 24 तासांचं.

24 तासांचं नाणं ठेवणाऱ्यांत नवखे असतात, तसे दहा वर्षांनंतर घसरून परवाच परत आलेलेही असतात. पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात करताना त्यांना लाज वाटते. तरी ते आलेले असतात.

आणि आपलं घर

आता अ‍ॅक्रॉनहून परत फिरू. बिलची लॉबी आपल्याकडेही आहे. लग्नाची वरात, गटारी, 31 डिसेंबर, पगाराचा दिवस, ऑफिसची पार्टी, “एकानं काय होतंय रे” म्हणणारा जिवलग मित्र. फरक एवढाच, की लॉबीत दुसऱ्या टोकाला टेलिफोन आधीपासून लावलेला होता. आपल्याकडे तो आपल्याला लावून ठेवावा लागतो.

एए च्या सभा भारतातल्या अनेक शहरांत होतात. तिथे फी नसते, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. ते लोइस विल्सननं 1951 मध्ये सुरू केलं, कारण दारूमुक्त नवऱ्याबरोबर राहणंही शिकावं लागतं, हे तिला कळलं होतं. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण उभं केलं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की बेळगावला, केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 हा फोन कुठूनही मोफत लागतो. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस 14416 आहे. इच्छा दाबून ठेवण्यासाठी औषधंही असतात, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात, स्वतःच्या मनानं घ्यायची नसतात.

घरात कुणी व्यसन सोडलेलं असेल, तर आज जेवणं झाल्यावर त्याच्याजवळ बसा. झाडाझडतीच्या सुरात नको. दोघं मिळून एक कागद घ्या. वर लिहा, गेल्या वेळी घसरण होण्याआधीच्या आठवड्यात काय काय झालं होतं : झोप, भांडण, पैसे, कोण भेटलं होतं. ती तुमच्या घरापुरती धोक्याची यादी. खाली तीन नावं आणि तीन नंबर लिहा, रात्री दोन वाजताही उचलतील असे. त्यातलं निदान एक नाव असं हवं, की ज्यानं स्वतः व्यसन सोडलेलं आहे. असं नाव ओळखीत नसेल तर उद्या जवळच्या सभेला जाऊन मिळवा. मग त्या तिघांना आधीच फोन करून विचारा, “वेळ आली तर फोन केला तर चालेल ना?”

आणि तीनच नावांवर थांबू नका. बिलला दहा जणांना फोन करावे लागले होते.